एमएक्स-५ चा फायबरग्लास हार्डटॉप: कवच बरं, बसवणं किचकट

पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ या दोन आसनी, कापडी टपाच्या गाडीला (१९८९ ते १९९७) कंपनीचा हार्डटॉप, म्हणजे काढता-घालता येणारा कडक टप, मिळाला तर तोच घ्यावा. दुसऱ्या पिढीचाही चालतो, बसवायच्या जागा त्याच आहेत. नाही मिळाला की उरतो नुसत्या जेलकोटमध्ये (फायबरवरच्या गुळगुळीत रेझिनच्या थरात) येणारा, बिनरंगाचा फायबरग्लास टप. वस्तू वाईट नाही. फक्त खोक्यातून येतं ते निम्मंच काम असतं आणि उरलेलं निम्मं महाग पडतं.

आल्या आल्या टप उन्हाकडे धरून आतून बघा. उजेड कुठे जास्त, कुठे कमी झिरपत असेल तर जाडी एकसारखी नाही. कंपनीचा टप साधारण २० किलोचा असतो. फायबरचा त्याहून हलका भरला की लोक खूश होतात, पण तो हलकेपणा कडा पातळ करून आलेला असेल तर वेगात टप थरथरणारच.

रंगाआधी टप गाडीवर बसवून बघायचा, यात तडजोड नको. दरवाजांच्या वरच्या कडा आणि मागचा पत्रा मास्किंग टेपने झाका. दोघांनी दोन बाजूंनी उचलून आधी मागची कड टेकवा, मग पुढची विंडशील्डच्या चौकटीवर. पुढे कापडी टपाचेच दोन लॅच (टप अडकवायचे खटके) वापरायचे असतात. बाजूचे लॅच बऱ्याच स्वस्त टपांबरोबर येतच नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात. बोल्टखाली रुंद धातूची पट्टी आणि भोकात स्लीव्ह (धातूची छोटी नळी) हवीच. नाहीतर नट आवळला की फायबर दबतं आणि जेलकोटवर चांदणीसारख्या चिरा उमटतात.

बिडिंग (कडेची रबरी पट्टी) लावून दरवाजाची काच वर करा, मध्ये कागदाची पट्टी अडकवून ओढा. अडखळत निघाली तर ठीक, सहज निघाली तर तिथून पाणी येणार. काच आत-बाहेर सरकवायची सोय दरवाजातच आहे, ती वापरा. पुढचे लॅच आवळून गळती बंद करायला गेलात तर टप मधून फुगतो आणि मागची फट वाढते. सगळ्यात हट्टी जागा म्हणजे विंडशील्डचा वरचा कोपरा, जिथे वेगवेगळी रबरं एकमेकांना भिडतात. पाण्याची चाचणी साध्या नळीने, हळू धार सोडून करा. प्रेशर वॉशरने चांगलं रबरसुद्धा गळतं.

रंगकाम बिघडण्याचं मुख्य कारण म्हणजे साच्याचं मेण, म्हणजे टप साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं आणि टपावर राहिलेलं मेण. आधी वॅक्स रिमूव्हरने पुसा, मगच घासा. उलटं केलंत तर मेण ओरखड्यांत शिरतं आणि रंगावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. कोपऱ्यांतली बारीक भोकं नुसत्या प्रायमरने बुजत नाहीत. आतली हवा तापली की फोड येतो. त्यामुळे भोकं टोकदार हत्याराने मोकळी करून पॉलिएस्टर पुट्टी भरा. १८० चा घासायचा पेपर, मग ३२०, एपॉक्सी प्रायमर, त्यावर सर्फेसर (बारीक ओरखडे भरणारा थर) आणि शेवटी ६०० चा ओला पेपर. नवा टप असेल तर त्याआधी दोन-तीन आठवडे उन्हात राहू द्या. रेझिन आकसायचं तेवढं आकसतं, नाहीतर चकचकीत रंगाखाली कापडाची वीण दिसू लागते. काळ्या रंगात हे लवकर दिसतं. तरीही काळाच रंग लोकांना हवा असतो.

मागे काचेऐवजी पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिक) असेल तर सावध. एक मीटरची पट्टी ४० अंश तापली की पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढते, म्हणून भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवा आणि वायसर रबरी घ्या. थिनर किंवा पेट्रोलने पुसलं की बारीक तडे जातात. डिफॉगर (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारा) हवा असेल तर मागे काच असलेलाच टप घ्या.

आतल्या कापडाला उष्णता सोसणारा डिंकच लागतो. साधा स्प्रे उन्हात सुटतो आणि कापड डोक्यावर लोंबतं.

या टपाला अपघातातलं संरक्षण समजू नका, गाडी उलटली तर त्याचा उपयोग नाही. काढल्यावर तो पातळ कडेवर उभा ठेवू नका. चार ठिकाणी रुंद पट्टे घालून टांगा, आणि पट्टा काचेवर किंवा बिडिंगवर येऊ देऊ नका. एकदा दबलेलं रबर पूर्ववत होत नाही.

कवचाला पाचपैकी साडेतीन, सोबत येणाऱ्या लॅच-बोल्टना दीड.