‘मला कमी का?’ की ‘त्याला कमी का?’
बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजी श्रीखंड वाढायची, तेव्हा भावंडांच्या दोन तऱ्हा दिसायच्या. कुणी ‘मला कमी का?’ म्हणून भांडायचं. एक चुलतभाऊ मात्र स्वतःची वाटी जास्त भरली तरी अस्वस्थ व्हायचा.

पहिली तऱ्हा सगळीकडे असते. भारतासह सात देशांतल्या मुलांवरचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आपल्याला कमी मिळणारी वाटणी नाकारणारी मुलं सातही ठिकाणी सापडली. आपल्याला जास्त मिळणारी वाटणी नाकारणारी मोठी मुलं फक्त अमेरिका, कॅनडा आणि युगांडात. म्हणजे दुसरी तऱ्हा उशिरा येते, आणि आजूबाजूला काय दिसतं यावर बरीच अवलंबून असावी.

पहिलीला मी कमी लेखत नाही. तिच्याशिवाय माणूस हक्क मागणार कसा? पण ती एकटीच राहिली की वय वाढेल तसा संशय वाढतो, हे मी जवळून पाहिलंय. मोठेपणी टिकणारी न्यायबुद्धी मला दुसरीतच दिसते. आजी कामाच्या मावशींची वाटी आधी भरायची, स्वतःची शेवटी. तो भाऊ ते रोज बघायचा. आज पन्नाशीतही तो दुकानदाराने चुकून जादा दिलेले दहा रुपये परत द्यायला उन्हातून मागे जातो.