टीव्हीवरचा सिनेमा की ओटीटीवरचा?

केबल आणि ओटीटी, दोन्हींचे पैसे भरणं जड जात असेल आणि सिनेमासाठी एकच ठेवायचं असेल, तर माझा अनुभव सांगतो.

गेल्या वर्षी आईबरोबर टीव्हीवर एक सिनेमा पाहत होतो. शेवटाकडे नायिका पिशवी उचलून घर सोडते. आईने विचारलं, "अरे, पण एवढं झालं तरी काय?" मी तो थिएटरात पाहिलेला. नवऱ्याच्या जबरदस्तीचा अख्खा प्रसंग टीव्हीच्या प्रतीतून गाळला होता. आईच्या लेखी ती बाई उगाच तडकाफडकी निघाली. शिव्यांच्या जागी आवाज बंद होतो ते मी चालवून घेतो, पण अशा कात्रीने माणसावरच अन्याय होतो. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

याला कारण आहे. 1983 पर्यंत आपल्याकडे सेन्सॉरची मुख्यतः 'यू' (सगळ्यांसाठी) आणि 'ए' (फक्त प्रौढांसाठी) ही दोनच प्रमाणपत्रं होती, 'यूए' (मुलांनी पालकांच्या देखरेखीत पाहायचं) नंतर आलं. पुढे 2005–06 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर 'ए' सिनेमा थेट टीव्हीवर दाखवणं बंद झालं. तो आधी कापायचा, 'यूए' मिळवायचं, मग दाखवायचा. ओटीटीला अशी आगाऊ परवानगी लागत नाही. 2021 च्या नियमांनुसार कंपनीच 7, 13, 16 असे वयोगट ठरवते आणि तक्रार आली तर नंतर दखल घेतली जाते.

घरात लहान मुलं असतील तर टीव्ही बरा, हे मान्य. रिमोट हातात धरून बसावं लागत नाही. ओटीटीवर कुलूप लावण्याची सोय आहे, पण ते आठवणीने लावायला हवं. शिवाय तिथे सगळं अखंड असतं असंही नाही. बऱ्याचदा थिएटरात लागलेली, सेन्सॉरने कापलेलीच प्रत असते. सुरुवातीचं प्रमाणपत्र दिसलं तर थांबवून पाहा. त्यावर त्रिकोण असेल तर काटछाट झालेली आहे. लांबीही तिथेच लिहिलेली असते, ती ओटीटीवरच्या लांबीशी ताडून बघा.

तरी मला विचाराल तर मी ओटीटीच ठेवलं. तोच सिनेमा आईला पुन्हा लावून दिला. तो प्रसंग आला तेव्हा तिने विणकाम मांडीवर ठेवलं. नायिकेने पिशवी उचलल्यावर हळूच म्हणाली, "आधीच जायला हवं होतं हिने."