तीन इंची हील्स, सात महिने: सुखतळ्यावरचा सोनेरी नंबर अजून करकरीत आहे

खडा नव्हताच. नाशिकच्या मेन रोडवरून सीबीएस बसस्थानकाकडे चालत जाताना तीन वेळा थांबले, उजवी हील काढून झटकली, तिन्ही वेळा रिकामी. तरी तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मुळाशी काहीतरी टोचत होतं आणि मागोमाग आग व्हायची. म्हणून या हील्सचा रिव्ह्यू लिहायला बसले.

रंग आणि फोटो सगळ्यांनी पाहिलेत, ते सोडते. कॉलेज रोडवरून १,८९९ रुपयांना घेतल्या, पुढून टोकदार, बंद. मी साड्यांच्या दुकानात काउंटरला असते, रोज नऊ तास उभी, तेही ग्रॅनाइटच्या फरशीवर. पहिले दोन महिने मी मैत्रिणींना घ्याच म्हणून सांगत होते. साडी छान पडते, चाल डौलदार दिसते, शिलाई पक्की. हे सगळं आजही खरं आहे.

तिसऱ्या महिन्यात टाचेखालचं रबर निघालं. दुकानात म्हणाले, "मॅडम, हे वापरातलं डॅमेज आहे." एवढ्याशा रबरासाठी दोन चकरा, रिक्षाभाडं वेगळं. १,८९९ घेताना गोड बोलता आणि रबरासाठी दारातून परत पाठवता, याचा मला अजून राग आहे. शेवटी शालिमारजवळ बसणाऱ्या काकांनी चाळीस रुपयांत बसवून दिलं. त्यांनीच आत बोट घालून दाखवलं, "ताई, हे बघा." सुखतळ्यावर टाचेच्या जागी छापलेला सोनेरी नंबर करकरीत होता. चवड्याखालचं अस्तर मात्र फाटून आतला स्पंज वर आलेला. "तुमची टाच इथं टेकतच नाही जणू."

मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. अनवाणी उभं राहिलं की निम्म्याहून जास्त भार टाचेवर असतो. टाच जितकी उचलाल तितका तो पुढे सरकतो आणि चवड्याच्या पाच हाडांवर येतो. त्यात पाय उतारावर ठेवल्यासारखा पुढे घसरतो आणि बोटं त्या निमुळत्या टोकात कोंबली जातात. सराफ बाजारातून गोदाघाटाकडे उतरताना मला सगळ्यात जास्त त्रास का व्हायचा, तेही कळलं: रस्त्याचा उतार आणि हीलचा उतार, दोन्ही एकदम. तोल सावरताना कंबरेवर आणि गुडघ्यावरही ताण वाढतो. माझी कंबर संध्याकाळी धरायची, ती मी वयावर ढकलत होते.

गंगापूर रोडच्या हाडांच्या डॉक्टरांनी चवडा दोन्ही बाजूंनी दाबला आणि मी ओरडलेच. बोटांमधली नस दाबली जाऊन तिच्याभोवती जाडी येते, त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. माझी सुरुवात आहे, असं ते म्हणाले.

इथपर्यंत मी दोन महिन्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'फेकून द्या, सपाट चप्पल घाला' असं होतं. ते खोडते आहे. मी तेच केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून कोल्हापुरी घातली, तर तिसऱ्या सकाळी पोटऱ्या अशा ओढल्या की पलंगावरून उतरता येईना. महिनोन्‌महिने टाच वर राहिली की पोटरीचा स्नायू आखूड होतो, टाचेमागची जाड कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी) ताठर होते. एकदम सपाट चप्पल घातली की तिला ओढ बसते. हे कुणी आधी सांगितलं असतं तर तो आठवडा वाचला असता. आता दीड इंचाची, रुंद टाचेची, पुढून गोल सँडल घालते. रोज सकाळ-संध्याकाळ भिंतीला हात टेकून, मागची टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणते. सहा आठवड्यांत आग निम्मी झाली. काउंटरमागे स्टूल मागितलं, तेही मिळालं.

हीलला मी आधी चार स्टार दिले होते, आता दोन. लग्नाकार्यात दोन तास घालायला ठीक. रोज नऊ तास उभं राहणारीने घेऊ नये.

आणि घ्यायचीच असेल तर संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. निघण्याआधी पेपरवर उभं राहून पायाभोवती पेन्सिल फिरवा आणि दुकानात हील त्या आकृतीवर ठेवून बघा. मी ते सात महिन्यांनी केलं. माझी अख्खी करंगळी हीलच्या बाहेर होती.