गळालेली शून्यं परत आणायची: एलपॅड, राइट की फॉरमॅट?

स्प्रेडशीटमधून डेटाबेसात आणलेल्या तक्त्यात ००४२३ च्या जागी नुसतं ४२३ दिसलं की बहुतेक जण थेट फंक्शन शोधायला लागतात. त्याआधी एक गोष्ट तपासा: कोडची लांबी ठरलेली आहे का? सगळे कोड पाच अंकी असतील, तर शून्यं हमखास परत येतात. पण मूळ यादीत ०७ आणि ००७ असे दोन वेगळे कोड असतील, तर आता दोन्हींचा ७ झाला आहे आणि कुठलीही क्वेरी (डेटाबेसाला दिलेली आज्ञा) ते वेगळे करू शकत नाही. तिथे मूळ फाइल पुन्हा मागवा. सोळा अंकी क्रमांकांचंही तेच, कारण एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच अचूक ठेवतं आणि सोळाव्याच्या जागी शून्य टाकतं.

लांबी ठरलेली असेल तर निवड करता येते.

मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि ओरॅकल या डेटाबेसांत एलपॅड आहे, म्हणजे ठरलेली लांबी होईपर्यंत डावीकडे अक्षरं भरणारं फंक्शन. कोड, लांबी ५ आणि भरायचं अक्षर ०, एवढंच द्यायचं. सहा महिन्यांनी क्वेरी उघडणाऱ्यालाही ती लगेच कळते, म्हणून मला हेच सगळ्यांत आवडतं. मायएसक्यूएल संख्याही चालवून घेतं. पोस्टग्रेसला मात्र आधी टेक्स्टमध्ये कास्ट करून (म्हणजे प्रकार बदलून) द्यावं लागतं, नाहीतर असं फंक्शनच नाही अशी एरर येते.

एसक्यूएल सर्व्हरवर रूढ पद्धत म्हणजे कोडच्या आधी पाच शून्यं जोडायची आणि राइटने उजवीकडचे पाच अंक घ्यायचे. इथे दोन खड्डे आहेत. कॉलम इंटिजर (पूर्णांक) असेल तर अधिकचं चिन्ह अक्षरं जोडत नाही, बेरीज करतं. '०००००' अधिक ४२३ म्हणजे ४२३च, आणि एररही येत नाही. आधी व्हारकॅरमध्ये, म्हणजे मजकुराच्या प्रकारात, कास्ट करा. कास्ट टाळायला कॉनकॅट हे जोडणारं फंक्शन वापरलं तर दुसरा खड्डा: ते नलला (किंमतच नसलेल्या जागेला) रिकामा मजकूर मानतं, त्यामुळे ज्या ओळीत कोडच नव्हता तिथे ००००० उगवतो. अधिकच्या चिन्हाने नल नलच राहतो, तेच बरं.

त्याच सर्व्हरवर २०१२ पासून फॉरमॅटही आहे. लिहायला सुटसुटीत, पण ते मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या वेगळ्या यंत्रणेच्या आधाराने चालतं, त्यामुळे लाखो ओळींवर मंद पडतं, आणि मजकुराचा कॉलम घेत नाही. शंभरेक ओळींच्या रिपोर्टला चालेल. ॲक्सेसमध्ये मात्र तिथलं फॉरमॅटच सगळ्यांत सोपं. एसक्यूलाइटमध्ये प्रिंटएफ हे फंक्शन वापरा.

खरा फरक लांबी ओलांडणाऱ्या ओळीत दिसतो. पाच अंकी यादीत चुकून १२३४५६ शिरला, तर एलपॅड शेपूट कापून १२३४५ देतं आणि राइट डोकं कापून २३४५६. दोन्ही उत्तरं धडधाकट पाच अंकी कोड दिसतात आणि दुसऱ्याच कुणाच्या खऱ्या कोडशी जुळूही शकतात. एकदा मी असाच अपडेट चालवला होता. दोन वेगळ्या नोंदी एकाच कोडखाली गेल्या आणि जुना बॅकअप उघडेपर्यंत कुठली कुणाची ते सांगता येईना. प्रिंटएफ आणि फॉरमॅट कापत नाहीत, सहा अंक तसेच ठेवतात, म्हणजे चूक निदान डोळ्यांना दिसते.

आता शून्यं क्वेरीत दाखवायची की कॉलममध्ये कायमची लिहायची? व्ह्यूमध्ये (साठवून ठेवलेल्या क्वेरीत) दाखवली तर मूळ डेटा जसाच्या तसा राहतो, म्हणून एकदाच काढायच्या रिपोर्टला तेवढं पुरे. पण त्या कोडवर जॉइन करायचा, म्हणजे दुसरा तक्ता जोडायचा असेल, तर शोध वेगवान करणारा कॉलमवरचा साधा इंडेक्स सहसा कामी येत नाही, आणि व्ह्यू सोडून थेट तक्ता वाचणाऱ्याला पुन्हा ४२३च मिळतो. तक्ता रोज वापरात असेल तर मी कायमची दुरुस्तीच करेन. त्यासाठी आधी कॉलमचा प्रकार टेक्स्ट करावा लागतो. मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये इंटिजर कॉलमवर अपडेट चालवला की शून्यं लिहिताक्षणीच गळतात, तक्रार न करता; पोस्टग्रेस मात्र प्रकार जुळत नाही अशी एरर देतं. पोस्टग्रेसमध्ये ऑल्टर टेबलच्या यूझिंग भागात एलपॅड दिलं की प्रकार आणि किंमत एकाच वेळी बदलतात. मायएसक्यूएलच्या झिरोफिल या कॉलमच्या पर्यायावर विसंबू नका; ते फक्त दिसण्यापुरतं आहे आणि ८.०.१७ आवृत्तीपासून डेप्रिकेटेड आहे, म्हणजे ते वापरू नये असं सांगितलं जातं.

फाइल दर महिन्याला येत असेल तर दुरुस्ती इम्पोर्टमध्येच हवी: कोडचा कॉलम टेक्स्ट ठेवा आणि पॉवर क्वेरी (एक्सेलमधलं डेटा आणण्याचं साधन) आपणहून प्रकार बदलण्याची जी पायरी टाकते, ती काढा. स्प्रेडशीटच्या सेलला ००००० असा फॉरमॅट लावून भागत नाही. सेलमध्ये ००४२३ दिसलं तरी आत ४२३च असतो आणि डेटाबेसात सहसा तोच जातो.

कुठलाही मार्ग घेतला तरी अपडेटआधी मोकळ्या जागा ट्रिम करा आणि लांबीनुसार ग्रुप बाय करून (गट पाडून) ओळी मोजा. एक ते पाच लांबीचे गट ठीक. सहाचा एकही गट निघाला, किंवा शून्य लांबीचा, तर त्या ओळी बाजूला काढा आणि फाइल पाठवणाऱ्याला दाखवा.