रोटांचं दळण : गिरणी, घरघंटी की तयार पीठ?

नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. त्याआधी जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूरकडच्या गिरण्यांवर रोटांच्या, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड गव्हाच्या पोळ्यांच्या, दळणाची रांग लागते. हे दळण पूर्वी घरच्या जात्यावर, सोवळ्यात व्हायचं. जातं गेलं, नेम राहिला. तो सांभाळायचं काम मात्र आता पैसे घेऊन दळून देणाऱ्याकडे गेलं. तेव्हा या सेवेची पारखही तेवढ्याच काटेकोरपणे व्हायला हवी.

आमचं मत आधीच सांगतो. भाऊबंदांचं दळण एकत्र असेल तर रोटांसाठी वेळ राखून ठेवणारी दगडी गिरणी उत्तम. एकट्या घराचं असेल तर घरघंटी, म्हणजे घरातली छोटी विजेची चक्की. तयार पीठ अगदीच इलाज नसेल तेव्हा.

कारण मापात आहे. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू, हे रोटांचं रूढ माप. १२ जण असले तर १५ मुठी, म्हणजे साधारण किलोभर. मोठ्या दगडी गिरणीला किलोभर दळण पुरतच नाही. आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ दगडांच्या टाक्यांत (टाकी मारून पाडलेल्या खाचांत), भोवतीच्या पत्र्याच्या आवरणात आणि तोंडाला बांधलेल्या कापडी नळीत बसलेलं असतं. तुमचं पीठ ते बाहेर ढकलतं आणि त्याच्या जागी स्वतः आत राहतं. म्हणजे डब्यात बरंचसं परक्याचं पीठ येतं आणि घरच्या मुठी गिरणीतच राहतात. आधी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, दळण झालं असेल तर उडदाच्या सालांचे काळे ठिपके लगेच दिसतात. बाजरी जास्त फसवी: ठिपका दिसत नाही, पण तिच्या पिठात तेलाचा अंश असतो, ते पावसाळी हवेत लवकर कडू होतं आणि तो कडूपणा रोटाला लागतो.

‘गिरणी धुतली आहे’ असं कोणी सांगितलं तर काय धुतलं ते विचारा. पाणी लावायचं ते चाडीला (धान्य ओततात त्या तोंडाला) आणि पत्र्याला, तेही आदल्या रात्री, म्हणजे सकाळपर्यंत कोरडं होतं. दगडाला पाणी लागलं की पिठाची लापशी होऊन टाक्या बुजतात, दळण गरम आणि जाडंभरडं येतं. दगडांची सफाई कोरडीच: आवरण उघडून ब्रशने झाडायचं, कापडी नळी काढून झटकायची, शक्यतो वेगळी धुतलेली बांधायची. त्यानंतर आपलेच दोन किलो साधे गहू आधी दळून घ्यावेत आणि ते पीठ रोजच्या पोळ्यांना ठेवावं. लगेच मागून रोटांचे गहू टाकावेत, मध्ये दुसऱ्याचं दळण येऊ देऊ नये. जी गिरणी एवढं करू देते, तिच्याकडे दोन पैसे जास्त गेले तरी जावं. गिरणीवाला कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा हा प्रश्न इथे गैरलागू आहे. नळी झटकली का, एवढंच विचारायचं.

गहू मात्र ऐन शनिवारी धुऊ नका. श्रावणात ऊन धड पडत नाही. वरून कोरडा वाटणारा दाणा आतून ओला असतो. दगडी गिरणीत त्याचं पीठ चिकटतं, घरघंटीत जाळी बुजते आणि मोटर घुमायला लागते. आठवडाभर आधी धुऊन पंख्याखाली पसरावेत. दाताखाली कट्ट वाजला की दाणा दळायला तयार.

घरघंटीत थोडं दळण वाया जात नाही, कप्पा उघडून पुसता येतो, मापाचं पीठ जवळपास सगळं हाती येतं. उणीव वेगाची. पाच-सहा घरांचे गहू सलग घातले तर यंत्र तापतं, म्हणून मध्ये थांबावं लागतं. जाळी फार बारीक लावू नका, रोटाला किंचित रवाळ पीठ चांगलं.

तयार पीठ स्वच्छ असतं, यात वाद नाही. पण ते फार बारीक, पाणी जास्त पितं. जाड रोट वरून लाल होतो, आत ओलसर राहतो. रविवारपासून पौर्णिमेपर्यंत तीन ते नऊ दिवस जातात आणि बऱ्याच घरांत तोवर रोट पुरवून खातात. आत ओल राहिलेल्या रोटाला त्याआधीच बुरशी धरते. शिवाय पिशवीतल्या पिठात मूठच उरत नाही. कोणाच्या नावाची मूठ पडली, हे मोजणं हाच या नेमाचा जीव आहे. सुरत-पुण्याला राहणाऱ्या भावाच्या नावाने गावाकडे मूठ पडते, तेव्हा तो घरातला मोजला जातो.

याच मोजणीमुळे एक गोष्ट स्पष्ट सांगाविशी वाटते. घरातल्या मुलींच्या नावानेही सव्वा मूठ घालायला हवी. सोवळं जात्यावरून गिरणीवर गेलं, ते चाललं. मग मुलींची मूठ वाढली तर कानबाईला ती जड होणार नाही. घरात तीन मुली असतील तर पावणेचार मुठी गहू वाढतील. धुवायला घेतानाच ते मोजून ठेवा, गिरणीवर ऐनवेळी साधे गहू मिसळायची वेळ येणार नाही.