पिंगुळीचं चित्रकथी म्युझियम: मोशन ग्राफिक्सवाल्यांनो, मूडबोर्ड बंद करा आणि जाऊन या

आधीच सांगते, मी कलेची जाणकार वगैरे काही नाही, शेवटच्या वर्षाला आहे आणि फायनल प्रोजेक्टला चाळीस सेकंदांचं टायटल अॅनिमेशन करायचं होतं, विषय लोककथा. तर सगळे करतात तेच मी पण केलं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पिंटरेस्ट आणि बिहान्स उपसलं, मूडबोर्ड (म्हणजे संदर्भाच्या चित्रांचा कोलाज) भरला, आणि क्रिटला, म्हणजे वर्गात सरांसमोर काम दाखवायच्या वेळी, स्क्रीनवर लावला तेव्हा कळलं की माझ्या आधीच्या दोघांचा पण जवळपास हाच आहे. तोच सॉल बास (सिनेमांच्या टायटल्ससाठी गाजलेला अमेरिकन डिझायनर), तेच कागद कापल्यासारखे आकार, तोच दाणेदार ग्रेन. सरांनी फक्त "हं" केलं. त्यात एका टेम्प्लेटच्या साइटवर "इंडियन फोक" नावाचा पॅक घेऊन नऊशे रुपये घालवले होते, उघडून बघितलं तर एक मोर, एक हत्ती आणि मंडलाची अठरा डिझाइन्स. कुठल्या गावचं फोक ते देव जाणे.

मग मैत्रीण म्हणाली की तिच्या मामाच्या गावाजवळ, सिंधुदुर्गात पिंगुळीला, चित्रकथीवाले आहेत, म्हणजे चित्रं दाखवत कथा गाणारे, चल. पुण्याहून दादर गाठलं, मध्यरात्रीची तुतारी पकडली आणि कुडाळला उतरलो. पिंगुळी तिथून अगदी जवळ. रिक्षावाल्या काकांनी आपणच ठरवलं, "मठात जावचा हा ना?" (राऊळ महाराजांचा मठ, तिथे गर्दी कायम.) म्हणलं नाही हो, बाहुल्यांचं म्युझियम, तर म्हणाले "अरे, गंगावण्यांकडे!" आणि थेट दारात सोडलं.

जागेचं नाव ठाकर आदिवासी कला आंगण. परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये घरच्या गुरांच्या गोठ्यात हे उभं केलं, पुढे 2021 ला त्यांना पद्मश्री मिळाली. एसी, ऑडिओ गाइड, टचस्क्रीन असलं डोक्यात ठेवून जाऊ नका. हे एका घराचं अंगण आहे, आणि मला तर तेच आवडलं, कारण समोरच्या माणसाला "हे कसं करता" असं सरळ विचारता येतं.

आता खरी गोष्ट, चित्रकथीचे कागद. ठाकर समाजाची ही कला, एकेकाळी सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची चित्रं ओळीने लावलेली असतात, त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. बरं, चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे कागद उलटला की पुढचा सीन! मी तर तिथेच मैत्रिणीला कोपर मारलं, अगं हा स्टोरीबोर्ड आहे. जुन्या कागदांची खालची कडा काळपट आणि गुळगुळीत झालेली, पिढ्यान्पिढ्या तिथेच धरून धरून. माणसं बहुतेक एका बाजूने काढलेली, डोळे मोठ्ठे टपोरे, आणि मागे काहीच नाही, डोंगर नाही नदी नाही. आम्ही बॅकग्राउंडला सात लेयर टाकून पॅरलॅक्स करतो (जवळचं भराभर, लांबचं हळू सरकवून खोली दाखवतो) आणि इकडे कोरा कागद.

आणि चित्र हलत नाही. हेच मला पचायला वेळ लागला. सांगणारा वीणा, टाळ, हुडुक (डमरूसारखं तालवाद्य) यांच्या साथीने कथा गात असतो, चित्र समोर उभं, आणि ते तसंच राहतं, राहतं, राहतं, आणि बरोबर ज्या शब्दाला वाट बघून जीव जातो तिथे ते पालटतं. सगळं मोशन आवाजात आहे. मी मात्र पहिल्या फ्रेमपासून सगळं थरथरवत बसले होते, ईझी ईझ (हालचाल मऊ करणारी सेटिंग) लावून.

चामड्याच्या बाहुल्यांचा पडदा पण बघा, मागे दिवा असतो आणि कापडावर सावल्या पडतात. बाहुली कापडाला टेकवली की कडा कशा सुरीने कापल्यासारख्या, आणि दिव्याकडे मागे नेली की सावली मोठी होते आणि विरघळते. स्केल आणि ब्लर एकाच हालचालीत, दोन्ही एकमेकांना बांधलेले. सावल्या म्हणलं की आमच्याकडे लोटे रायनिगरचं नाव घेतात, तिने 1926 ला सावल्यांचाच पूर्ण लांबीचा सिनेमा केला होता आणि ती मोठी बाई आहेच, पण कुडाळच्या शेजारी हे असताना आपल्या मूडबोर्डवर ते का नसतं, याचं उत्तर माझ्याकडे तरी नव्हतं.

परत येऊन आधीची फाइल बंद केली. या वेळी आधी आजीच्या आवाजात कथा रेकॉर्ड केली, मग आफ्टर इफेक्ट्स (अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) उघडलं. बहुतेक ठिकाणी होल्ड कीफ्रेम (चित्र स्थिर राहतं आणि एकदम बदलतं), पोस्टराइझ टाइम बारावर (सेकंदाला बाराच फ्रेम), बॅकग्राउंड रिकामं, आणि सावलीच्या सीनमध्ये ब्लर स्केललाच एक्स्प्रेशनने (छोट्या कोडने) जोडला. चाळीस सेकंदांत फक्त नऊ चित्रं. आकृत्या ट्रेस करायच्या नाहीत हे मात्र मी आधीच ठरवलं होतं, फोटो काढून व्हेक्टर करून वापरणं म्हणजे त्या नऊशेच्या पॅकवाल्यांचंच काम. मी एक छोटं चित्र विकत घेतलं, क्रेडिटमध्ये पिंगुळीचं नाव टाकलं.

जाणाऱ्यांसाठी: आधी फोन करून जा, कारण कलाकार मंडळी कार्यक्रमाला बाहेर असू शकतात, आणि नुसतं बघून निघू नका, सादरीकरण होणार आहे का ते आधीच विचारून घ्या, त्याशिवाय निम्मं डोक्यावरून जाईल. शूट करायच्या आधी परवानगी घ्या. अर्ध्या तासात उरकायला येत असाल तर येऊच नका. इन्स्टाला टाकायला भिंत शोधताय तर समुद्र काही फार लांब नाही, तिकडे जा.

माझ्याकडून पाचपैकी पाच. दिवाळीनंतर परत जाणार आहे, या वेळी नीट रेकॉर्डर घेऊन, कारण मोबाइलवर घेतलेल्या गाण्यात हुडुकपेक्षा छताचा पंखा जास्त ऐकू येतोय.