पाठीवर सॅक की कॅरियरला पॅनियर?

ऑफिसला सायकलने जायला लागलं की सायकल कुठली घेतली हे सगळे विचारतात, लॅपटॉप कसा नेतोस हे कोणी विचारत नाही. आणि महिन्याभरात सायकल पार्किंगमध्ये धूळ खायला लागते ती बरेचदा या न विचारलेल्या प्रश्नापायीच. म्हणून हा आढावा. गियर, ब्रेक, टायर याबद्दल तुम्हाला माहिती आहे असं धरून चालतो.

पर्याय तसे दोनच. पाठीवर सॅक, नाहीतर मागे कॅरियर बसवून त्याच्या बाजूला हुकांनी अडकवलेली पिशवी, म्हणजे पॅनियर. हँडलची बास्केट मी मोजतच नाही. मंडईतून मेथीच्या दोन जुड्या आणायला ती ठीक आहे, पण लॅपटॉप टाकून खड्ड्यात गेलात की हँडल स्वतःच्या मनाने वळायला बघतं. सीटच्या दांड्याला एका क्लँपवर लटकणारं कॅरियरही बाद. त्याची क्षमता बहुधा दहा किलोच्या आसपास असते आणि एका बाजूला वजन लावलं की ते हळूहळू त्या बाजूला फिरतं.

माझ्याकडे सॅक आणि पॅनियर दोन्ही आहेत आणि दोन्ही वापरून झालेत. रस्ता म्हणाल तर पुण्यातला, राजाराम पुलापासून कर्वेनगर, नळस्टॉप, लॉ कॉलेज रोड, मग सेनापती बापट रोडचा चढ, विद्यापीठ चौक आणि बाणेर. बारा-तेरा किलोमीटर. सामान म्हणजे लॅपटॉप, चार्जर, डबा, कपड्यांचा जोड, टॉवेल, कुलूप, एक ट्यूब आणि छोटा पंप. सगळं मिळून पाच-सहा किलो सहज भरतं. कुलूप दणकट असेल तर त्याहून जास्त.

सॅकची बाजू आधी मांडतो, कारण तिची निंदा जरा जास्तच होते. ती घरात असतेच, वेगळा खर्च नाही. पंक्चर झालं आणि सायकल दुकानात टाकून बस नाहीतर मेट्रो पकडायची वेळ आली तर काही काढा-घाला नाही. जिना चढून सायकल वर न्यायची असेल, आणि जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या बिनलिफ्टच्या इमारतींत अजून कित्येकांना ती न्यावी लागते, तर मागे काही लटकत नसलेलं बरं. शिवाय लॅपटॉपला बसणारे धक्के आपलं शरीर झेलतं. स्पीडब्रेकरवर आपण नकळत सीटवरून जरा उठतो, ते लॅपटॉपच्या फायद्याचं असतं. कॅरियरवर तो प्रत्येक पेव्हर ब्लॉक मोजत जातो.

घामाचा मुद्दा लोक फार पुढे करतात. एप्रिल-मे महिन्यात सेनापती बापट रोड चढून गेलात तर घाम यायचाच, पाठीवर काही असो वा नसो. सॅकवाल्याच्या शर्टावर मागे नकाशा उमटतो, एवढाच फरक. ऑफिसात कपडे बदलायची सोय असेल तर मी तरी या मुद्द्याला फारसं वजन देणार नाही.

तळहातांचं मात्र बघा. पाठीवरचे पाच-सहा किलो शेवटी सीटवर आणि हातांवरच उतरतात. सॅक लावून करंगळीकडच्या बाजूला मुंग्या येत असतील तर सॅकला दोष देण्याआधी हँडल थोडं वर घ्या. स्टेमच्या, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या जोडतुकड्याच्या, वर स्पेसरच्या सुट्या कड्या असतील तर त्यातली एखादी खाली घालून बघा, नाहीतर वर उचललेला स्टेम बसवा. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर ते आधी सपाट करा, कारण नाक खाली असलं की माणूस दिवसभर पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. एवढं करून बऱ्याच जणांची तक्रार मिटते. माझी निम्मी मिटली.

न मिटलेली तक्रार वेगळीच होती आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. मागे वळून बघणं.

विद्यापीठ चौकाकडे येताना रस्त्याच्या डाव्या कडेने चालवत असाल आणि जायचं बाणेर रोडला असेल, तर पाषाणकडे वळणारी सगळी गर्दी तुम्हाला कापून डावीकडे जाते. त्यांना वाट द्यायची तर आधीच एक पट्टा उजवीकडे सरकायला हवं. सरकायच्या आधी उजव्या खांद्यावरून मागे बघणं आलं. अर्ध्या सेकंदाचं काम. पण लॅपटॉपची सॅक पाठीला फळीसारखी ताठ बसते आणि तिचं वरचं टोक हेल्मेटच्या मागच्या कडेपर्यंत पोचतं. थोडं पुढे वाकलेलं असताना मान वळवली की हेल्मेट त्या टोकाला अडतं, पुढे सरकतं आणि नेमकं कपाळावर येतं. मान पुरी वळत नाही म्हणून आपण खांदे वळवतो. खांद्यांबरोबर सॅक वळते, तिचं वजन उजवीकडे जातं आणि त्याच क्षणी हँडलही थोडं उजवीकडे वाहतं. म्हणजे मागून बस येतेय की नाही हे बघण्यासाठी तुम्ही आधी तिच्या वाटेत हातभर सरकता आणि मग बघता.

यावर उपाय करून बघितले. छातीचा पट्टा लावला की सॅक घसरत नाही, पण मग ती पाठीला आणखी घट्ट बसते आणि मान होती तिथेच अडते. पट्टे सैल करून सॅक कमरेवर उतरवली तर मान मोकळी होते, पण चढावर उभं राहून पेडल मारताना ती डावी-उजवीकडे झोके घेते. हँडलच्या टोकाला आरसा लावला. तो चांगला असतो, नाही असं नाही. पण आपल्या रस्त्यांवर तो इतका थरथरतो की मागची रिक्षा आहे की टेम्पो एवढंच कळतं, किती अंतरावर आहे ते कळत नाही. आणि सिग्नलला शेजारच्या स्कूटरने त्याला कोपर मारलं की पुढचा चौक येईपर्यंत तो आकाश दाखवतो.

पॅनियर लावून त्याच चौकात गेलो, मान वळवली आणि वळली. सायकल सरळ रेषेतच राहिली. मी काही मोजमाप केलेलं नाही, कोणी करून बघितलं तर वेगळंही निघेल. तुम्ही अगदी ताठ बसून चालवत असाल किंवा तुमची सॅक छोटी असेल तर कदाचित हा त्रास तुम्हाला कधी जाणवणारही नाही. मला दररोज जाणवायचा, आणि तोही नेमका जिथे नको तिथे.

आता पॅनियरचे चोचले. ते बरेच आहेत.

पहिला, टाचेचा. सायकलची मागची बाजू आखूड असेल, म्हणजे पेडलच्या मधल्या आसापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर चाळीस-एक्केचाळीस सेंटिमीटर, तर प्रत्येक फेऱ्याला टाच पॅनियरला घासते. रोड बाईकवर हे हमखास होतं. हायब्रिड आणि एमटीबीवर (माउंटन बाईकवर) दोन-तीन सेंटिमीटर जास्त मिळतात आणि तेवढे बहुधा पुरतात, पाय फार मोठे नसतील तर. बऱ्याच पॅनियरचे वरचे हूक स्क्रू ढिले करून पुढे सरकवता येतात. हूक पुढे नेले की पिशवी मागे जाते. पण फार मागे ढकलू नका. वजन मागच्या आसाच्या पलीकडे गेलं की चढावर पुढचं चाक हलकं पडतं. पुढची खालची कड तिरकी कापलेली पिशवी मिळाली तर तीच घ्या, ती कड टाचेसाठीच असते.

दुसरा, बोल्ट. कॅरियर बहुतेक सायकलींना एमफाईव्ह मापाच्या बोल्टवर बसतं आणि त्याला चार नंबरची ॲलन की लागते. हे बोल्ट आपल्या रस्त्यांवर ढिले होतात. होतील की नाही असा प्रश्नच नाही. लॉकटाइटचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, थेंब टाका किंवा हवा भरताना एकदा की फिरवून बघा. उजव्या बाजूचा खालचा बोल्ट मुद्दाम वाकून तपासा. तो गरजेपेक्षा लांब असेल तर आतून बाहेर डोकावतो आणि सगळ्यात लहान चक्रावर चेन आली की तिला घासतो. दुकानातून बसवून घेतलेल्या कॅरियरलाही हे होतं; पेटीत सापडला तो बोल्ट लावलेला असतो. डिस्क ब्रेक असेल तर कॅरियरचा पाय कॅलिपरवर, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यावर, येतो का तेही आधी बघून घ्या. येत असेल तर बाहेर काढलेल्या पायांचं कॅरियर लागतं.

तिसरा, खडखडाट. कॅरियरची नळी साधारण दहा मिलिमीटरची असते आणि हूक त्याहून जाड नळीचे असले तर प्रत्येक खड्ड्याला टक्-टक् ऐकू येतं. महागड्या पॅनियरबरोबर हुकात बसवायचे प्लॅस्टिकचे तुकडे येतात. नसतील तर पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आणा, पट्टी कापून नळीला घट्ट गुंडाळा. आवाज जातो आणि पिशवी सरकतही नाही. लॅपटॉप जाड कव्हरमध्ये घाला आणि तळाशी टॉवेल ठेवा, म्हणजे तो थेट तळावर आपटत नाही. मागच्या टायरमध्ये हवा थोडी जास्त लागेल, पुढची आहे तेवढीच राहू द्या.

स्टँडचंही एक आहे. मागे वजन असलं की पुढचं चाक गर्रकन फिरतं आणि सायकल लोळण घेते. पुढचा ब्रेक दाबून लिव्हरला डब्याचं जाड रबर अडकवलं की चाक जागचं हलत नाही. एकच पॅनियर लावत असाल तर मी डावीकडे लावतो. तिथे स्टँडही असतो आणि बाजूने जाणाऱ्या दुचाकीचा आरसाही तिला लागत नाही. फुटपाथच्या उंच कडेला खेटून पुढे सरकायची सवय असेल तर मात्र पिशवीचा तळ कडेला खरवडतो.

रुंदीचा त्रास खरा आहे, तो लपवणार नाही. महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, पण आहे त्या सायकल ट्रॅकच्या तोंडाशी दुचाक्या घुसू नयेत म्हणून खांब रोवलेले असतात आणि दोन पॅनियर लावलेली सायकल त्यातून काढताना जीव मुठीत धरावा लागतो. दुचाक्या कशा कोण जाणे, जातात. पेठांमधून जाणाऱ्यांना तर गणपतीत मांडवांच्या कडेने सायकल काढताना एका पॅनियरचीही अडचण होते. बाणेर रोडवर मेट्रोच्या खांबांचं काम जोरात होतं तेव्हा पत्र्यांच्या मधून जाताना मीसुद्धा सॅककडे परतायच्या बेतात होतो.

पावसात दोघांची परीक्षा होते. सॅकचं रेनकव्हर वरून येणारं पाणी अडवतं, पाठीवरून ओघळून आत जाणारं अडवत नाही, आणि ते तळाशी साचतं. तोंड गुंडाळून बंद करायचं पॅनियर असेल तर आतलं कोरडं राहतं. ऑर्टलिबसारख्या जर्मन कंपन्या १९८० च्या दशकापासून तेच करत आल्यात. एका जोडीच्या पैशांत माझ्या कॉलेजच्या दिवसांत नवी सायकल आली असती, पण त्याच धर्तीच्या स्वस्त पिशव्याही आता मिळतात. मडगार्ड नसेल तर दोन्हीकडे चिखल ठरलेलाच.

ऑफिसात पोचल्यावर पॅनियर काढून लिफ्टमध्ये न्यायचं, आणि त्याची मागची बाजू चिखलाने माखलेली. खांद्याला लावायचा पट्टा येतो, पण हूक बरगड्यांना टोचतात. गेटवरच्या काकांनी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, ‘‘साहेब, दूध घालायला निघालात का?’’ दोन्हीकडे पिशव्या लटकवलेली सायकल दिसतेच तशी. आता ते विचारत नाहीत, पण हसतात.

तर कोणी काय घ्यावं? अंतर पाच-सहा किलोमीटरच्या आत असेल, लॅपटॉप ऑफिसातच राहत असेल किंवा सायकल जिन्याने वर न्यावी लागत असेल, तर सॅक ठेवा आणि फक्त हँडल नीट लावून घ्या. सगळ्यांनी कॅरियर बसवलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही. पण रस्त्यात असे दोन-तीन चौक असतील जिथे डावी कड सोडून मधे यावं लागतं, तर माझ्या मते पॅनियरचे सगळे चोचले पुरवण्यासारखे आहेत.

आधी फक्त कॅरियर घ्या. पंचवीस किलो लिहिलेलं साधं कॅरियर पुरे. आठवडाभर आहे तीच सॅक त्यावर आडवी बांधून न्या आणि मान किती मोकळी होते ते बघा. फरक वाटला नाही तर नुकसान कॅरियरपुरतंच, आणि घरात त्याला दुसरी कामं मिळतातच. बांधायला हुकांची रबरी दोरी नको. हूक सुटला तर तो थेट आऱ्यांत जातो. बकलचे कापडी पट्टे घ्या आणि त्यांची लोंबणारी टोकं, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यांसकट, आत खोचा. विशेषतः उजवीकडची, कारण तिकडे चेन आहे.